पैसे न मोजणारी भाषा

स्पेनमध्ये इंग्रजी शिकायला बसलेल्या प्रौढ माणसाच्या वाट्याला पहिल्या काही महिन्यांतच एक फ्रिज येतो. चित्रातला. पाठ्यपुस्तक कुठल्याही प्रकाशकाचं असो, फ्रिजचं दार सताड उघडं असतं. आत अर्धी बाटली दूध, चार अंडी, चीजचा तुकडा आणि खालच्या कप्प्यात टोमॅटो. आत काय आहे ते सांगायचं नसतं, ते शेंबड्या पोरालाही दिसतं. सांगायचं असतं ते हे की अंडी 'मेनी' आहेत की नाहीत, दूध 'मच' आहे का, चीज 'सम' आहे का आणि टोमॅटो 'एनी' नाहीत ना. दिवसभर बँकेत, दवाखान्यात किंवा दुकानात राबून संध्याकाळी वर्गात आलेली माणसं या फ्रिजकडे अशी बघत राहतात की वाटावं, यांनी जन्मात दूध पाहिलेलं नाही.

स्पेनला या वर्गांचं नवल नाही. माद्रिदमध्ये पहिली सरकारी भाषाशाळा १९११ साली उघडली आणि आज 'एस्कुएला ओफिथियाल दे इदिओमास' या नावाच्या शाळा देशभर आहेत. तिथे नाव घातलेला माणूस अगदी सुरुवातीच्या पायरीवरच या 'मच' आणि 'मेनी'च्या जोडीला भेटतो. पुढे कितीही पायऱ्या चढला तरी जोडी काही पाठ सोडत नाही.

घाताला सुरुवात प्रकरणाच्या नावापासूनच होते. मोजता येणाऱ्या नामांना स्पॅनिश व्याकरणात 'कोन्ताब्ले' म्हणतात, आणि स्पेनमध्ये 'कोन्ताब्ले' म्हणजे हिशेबनीसही. मोजता न येणारी ती 'इन्कोन्ताब्ले'. पण रोजच्या बोलण्यात या शब्दाचा अर्थ होतो 'असंख्य'. तेव्हा फळ्यावर दोन रकाने पडतात. डावीकडे हिशेबनीस नामं, उजवीकडे असंख्य नामं. डावीकडची यादी फळा संपला तरी संपत नाही आणि असंख्यांच्या रकान्यात पाणी, तेल, मीठ, तांदूळ अशी मोजकी मंडळी बसलेली असतात.

मग शिक्षक त्याच उजव्या रकान्यात 'मनी' लिहितात, आणि वर्गात हात वर होतो. हात बहुधा एखाद्या खऱ्याखुऱ्या हिशेबनिसाचाच असतो. पैसे मोजता येत नाहीत? मग मी सकाळी नऊपासून करतो काय?

शिक्षकांचं उत्तर ठरलेलं असतं: तुम्ही युरो मोजता, पैसा मोजत नाही. जगभरातल्या इंग्रजीच्या वर्गांत हे उत्तर दिलं गेलंय आणि ऐकून कुणाचं समाधान झालेलं नाही. खरी गंमत अशी की, या हिशेबनिसाला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. त्याच्या मातृभाषेतही पैसा, म्हणजे 'दिनेरो', मोजत नाहीत. तो लहानपणापासून 'मुचो दिनेरो' असं एकवचनात म्हणत आला आहे. 'मुचोस दिनेरोस' असं त्याच्या तोंडून झोपेतही गेलं नसतं. नियम कळेपर्यंत तो बरोबर होता. 'जे मोजता येतं त्याला मेनी' हे वाक्य कानावर पडलं आणि आजवर कधी न अडलेला माणूस अडला.

हा नियमच मुळात अर्धवट आहे. इंग्रजी वस्तू मोजत बसत नाही, ती शब्दाच्या सवयी बघते. खरं तर इतकंच सांगितलं तरी पुरे: नाम अनेकवचनात असेल तर 'मेनी', एकवचनात असेल तर 'मच'. स्पॅनिश माणसाला हे सांगायचीही गरज नाही, कारण त्याची भाषा याहून कडक शिस्तीची आहे. तिथे 'पुष्कळ' या एका अर्थाची चार रूपं आहेत: मुचो, मुचा, मुचोस, मुचास. नामाचं लिंग बघायचं, वचन बघायचं आणि योग्य रूप लावायचं. चार रूपं लीलया सांभाळणाऱ्याला दोन जड जायचं कारण नव्हतं. मराठी वाचकाला हे लगेच उमगेल; थोडा भात, थोडी भाजी, थोडे पोहे ही कसरत आपण जेवताना बोलता बोलता करतो. अडचण रूपांची नसून कोठाराची आहे. कुठल्या नामाला अनेकवचन आहे आणि कुठल्याला नाही, याची यादी प्रत्येक भाषेने आपापल्या लहरीने केलेली आहे.

इंग्रजीच्या लहरी तर खास आहेत. सल्ला, बातमी, फर्निचर, टोस्ट, साबण, खडू, च्युइंगगम, पाव या सगळ्या गोष्टी स्पॅनिशमध्ये बिनदिक्कत एक-दोन-तीन अशा मोजतात. एक सल्ला म्हणजे 'उन कोन्सेखो', दोन असतील तर 'दोस कोन्सेखोस'. इंग्रजीत मात्र सल्ला हा पाण्यासारखा वाहता पदार्थ आहे, आणि तो कुणाला द्यायचा तर आधी त्याचा तुकडा पाडावा लागतो: 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. बातमीचाही तुकडा, फर्निचरचाही तुकडा. स्पॅनिश माणूस 'अ पीस ऑफ फर्निचर' हे शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे खुर्चीचा मोडका पाय येतो. अख्ख्या खुर्चीला कुणी तुकडा का म्हणावं, हे त्याला कळत नाही. आणि त्याचं काही चुकतंय असं वाटत नाही.

बातमीचं प्रकरण आणखी नाजूक. 'न्यूज' या शब्दाच्या शेवटी चांगला ठसठशीत 'ज' ऐकू येतो, म्हणजे हे अनेकवचन असणार, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. स्पॅनिशमध्ये बातम्या अनेकवचनीच, 'नोतिथियास'. तेव्हा एकच बातमी सांगायची असेल तर शेवटचा ध्वनी काढून टाकायचा, हा तर्क बिनतोड आहे. त्यातून तयार होतं ते वाक्य: 'आय हॅव अ गुड न्यू.' शिक्षक विचारतात, नवं काय घेतलंत? नवी गाडी, नवं घर? विद्यार्थी आपला बहिणीला मुलगी झाल्याचं सांगत असतो.

टोस्टचंही तेच. अंदालुसियात न्याहारी म्हणजे 'तोस्तादा': भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. एक खाल्ली तर एक, दोन खाल्ल्या तर दोन. पण 'मी आज न्याहारीला दोन टोस्ट्स घेतले' असं इंग्रजीत म्हटलं, की समोरच्या इंग्रजाला वाटतं, या माणसाने सकाळी आठ वाजता दोनदा ग्लास उंचावून कुणाच्या तरी नावाने पेय घेतलं. स्पेनमधल्या न्याहारीबद्दल बाहेर काय काय गैरसमज आहेत ते पाहता तो त्यावर विश्वासही ठेवतो.

बरं, स्पॅनिश माणूस मोजण्यात कच्चा आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे बारा ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याला एक, अशी बारा द्राक्षं अख्खा देश तोंडात टाकतो. मोजणीत चूक होऊ नये म्हणून नेमकी बारा द्राक्षं भरलेले छोटे डबे दुकानात मिळतात. बिअरचं तर मापशास्त्रच आहे. छोटा ग्लास 'कान्या', त्याहून मोठा 'दोब्ले', लिटरच्या तिसऱ्या हिश्शाची बाटली 'तेर्थियो' आणि पाचव्या हिश्शाची 'किन्तो'. ज्या देशात गिऱ्हाईक बारमध्ये उभ्या उभ्या अपूर्णांक बोलतं, त्या देशातल्या माणसाला वर्गात बसवून सांगतात की बिअर मोजता येत नाही.

याबाबतीत मालागा शहराने जे केलं ते तर व्याकरणाच्या पुस्तकात छापायला हवं. तिथल्या 'काफे सेन्त्राल' या प्रसिद्ध कॅफेच्या भिंतीवर फरशांत रंगवलेला एक तक्ता होता. दहा ग्लास, आणि प्रत्येकात कॉफी आणि दूध यांचं प्रमाण वेगळं. एका टोकाला निव्वळ कॉफी, मग थोडी कमी, मग निम्मी, मग आणखी कमी. कॉफी अगदी जराशीच उरते तिथे नावं काव्यमय होतात: 'सोम्ब्रा' म्हणजे सावली आणि 'नूबे' म्हणजे ढग. शेवटचा दहावा ग्लास रिकामा, त्याचं नाव 'नो मे लो पोंगा', म्हणजे 'मला देऊ नका'. कॉफीचा दाणा महाग असलेल्या काळात गिऱ्हाइकाला नेमकं हवं तेवढंच द्यावं आणि नासाडी टाळावी, म्हणून कॅफेच्या मालकांनी ही व्यवस्था बसवली, असं सांगतात. कॅफे २०२२ मध्ये बंद झालं. नावं मालागाच्या तोंडी राहिली. इंग्रजीच्या 'लॉट्स', 'सम', 'अ लिटल', 'लिटल' आणि 'नो' या सगळ्या पायऱ्या त्या दहा ग्लासांत आरामात मावतात, वर काही ग्लास उरतात.

आता 'मच'कडे वळू, कारण स्पॅनिश माणसाला सगळ्यात जास्त फसवतो तो हाच. 'मुचो' आणि 'मच' इतके सारखे दिसतात की भेटल्याबरोबर मिठी मारावी. परक्या भाषेत घरचं माणूस भेटल्याचा आनंद काही और असतो. पण यांचं काडीचं नातं नाही. 'मुचो' आला लॅटिनमधल्या 'मुल्तुस'वरून. 'मच' हा जुन्या इंग्रजीतल्या 'मिचेल'चा वंशज, आणि त्याचं मूळ खणत गेलं तर ते आपल्या 'महत्' आणि 'महा'च्या मुळाशी जाऊन मिळतं. म्हणजे नात्याच्या हिशेबाने 'मच' हा 'मुचो'चा कुणी नाही, 'महाराष्ट्रा'तल्या 'महा'चा मात्र लांबचा चुलतभाऊ लागतो.

आणि हा तोतया नातेवाईक कामाचाही नाही. प्रश्न विचारताना आणि नाही म्हणताना तो हजर असतो. पण सरळ होकारार्थी वाक्यात उभा केला की अवघडून जातो. 'माझ्याकडे मच पैसे आहेत' हे इंग्रजीत एखाद्या जुन्या दस्तऐवजातल्यासारखं वाटतं. तिथे 'अ लॉट ऑफ' हवा. हा 'अ लॉट ऑफ' म्हणजे भला माणूस. दूध असो, अंडी असोत, मित्र असोत की कर्ज, कुणापुढेही तो सारखाच वागतो. पहिल्याच दिवशी त्याची ओळख करून दिली आणि 'मच'ला वर्षभर आत येऊ दिलं नाही, तर बरेच संसार वाचतील. पण पुस्तकात क्रम उलटा असतो. आधी कठीण ते शिकवायचं, मग ते टाळायचं कसं ते.

चुकांच्या राज्याचा राजा मात्र 'टू मच पीपल' हाच. गर्दीच्या मेट्रोतून घामाघूम होऊन आलेला माणूस हे म्हणतो आणि शिक्षकांची लाल शाई ओघळायला लागते. दोष त्याचा नाही. 'लोक' या अर्थाचा स्पॅनिश शब्द 'खेंते', आणि तो एकवचनी, स्त्रीलिंगी. 'मुचा खेंते': पुष्कळ लोक, पण व्याकरणाच्या दृष्टीने एकच बाई. त्यात भर म्हणजे स्पॅनिशमध्ये 'आहे' आणि 'आहेत' या दोन्हींसाठी 'आय' हा एकच शब्द. हे दोन्ही जसेच्या तसे इंग्रजीत उचलले, की 'देअर इज मच पीपल' तयार. इंग्रजीतला 'पीपल' अनेकवचनी असूनही अंगावर 'एस' मिरवत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघून संशय येण्याचीही सोय नाही. 'मच चिल्ड्रन'ची कहाणी हीच.

थोडक्याचं दुःख वेगळं. स्पॅनिशमध्ये 'थोडं पाणी' म्हणताना 'उन पोको दे आग्वा' म्हणतात, मध्ये 'चं' या अर्थाचा 'दे' असतो. म्हणून इंग्रजीतही 'अ लिटल ऑफ वॉटर' आणि 'अ फ्यू ऑफ फ्रेंड्स' येतात. त्यातून तो 'अ' म्हणजे तर फारच मोठा जुगार. 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हटलं तर चार जिवाभावाचे मित्र आहेत, मजेत आहे. 'अ' बोलता बोलता गिळला गेला तर उरतं 'फ्यू फ्रेंड्स', म्हणजे मला विचारतंय कोण. स्पॅनिशमध्ये हा भेद आहे, विद्यार्थ्याला तो कळतोही. पण नवी भाषा बोलताना घशात अडकणारा पहिला शब्द नेमका तोच असतो. स्वतःची ओळख करून देणारा हसतमुख इंजिनीअर सगळ्या वर्गासमोर एकाकी ठरतो आणि शिक्षक त्याच्याकडे कनवाळूपणे बघायला लागतात.

फळ्यावरचे दोन रकाने हळूहळू पाठ होतात. चिकन उजवीकडे, अंडं डावीकडे. मग एके दिवशी पुस्तकात वाक्य येतं, की तुझ्या शर्टाला 'एग' लागलंय. 'ॲन एग' नाही, नुसतं 'एग'. अंडं आपला रकाना सोडून पलीकडे गेलेलं असतं. उलट 'मी दुपारी अ चिकन खाल्लं' म्हटलं तर चोच आणि पंखांसकट अख्खा पक्षी पोटात गेला असा अर्थ होतो. तत्त्वज्ञांनी यासाठी एक कल्पित यंत्र शोधून काढलंय. फ्रान्सिस जेफ्री पेलेटिए यांनी १९७५ मध्ये ते मांडलं आणि श्रेय डेव्हिड लुईस यांना दिलं. नाव 'युनिव्हर्सल ग्राइंडर', आपल्या भाषेत विश्वव्यापी जातं. मोजता येणारी कुठलीही वस्तू वरून टाका, खालून न मोजता येणारा लगदा पडेल. टेबल टाका, जमिनीवर 'टेबल' सांडेल. आणि हे जातं उलटंही फिरतं. कॉफी मोजता येत नाही हे घोकून, 'टू कप्स ऑफ कॉफी' हे तयारीचं वाक्य घेऊन माणूस लंडनला जातो, तर काउंटरमागची मुलगी आत ओरडून सांगते, 'टू कॉफीज!' म्हणजे माद्रिदमध्ये तो जन्मभर म्हणत होता तेच.

या प्रांतात मराठी माणसाने स्पॅनिश माणसाला हसू नये. मायकेल स्वॉन आणि बर्नार्ड स्मिथ यांनी संपादित केलेलं 'लर्नर इंग्लिश' हे १९८७ मधलं पुस्तक कुठल्या भाषेचा माणूस इंग्रजीत कुठे घसरतो ते सांगतं. त्यात स्पॅनिशभाषकांचं प्रकरण आहे तसं भारतीय उपखंडातल्यांचंही आहे. आपल्या दुकानांच्या पाट्यांवर 'फर्निचर्स' आणि 'इक्विपमेंट्स' सुखाने नांदतात, आणि गाडीत 'लगेजेस' ठेवले जातात. एका ठिकाणी तर स्पॅनिश माणूस वाचतो आणि आपण पडतो. डोक्यावरच्या केसांना तो एकवचनी 'पेलो' म्हणतो, इंग्रज एकवचनी 'हेअर' म्हणतो. मराठीत केस अनेक. म्हणून 'माय हेअर्स आर लाँग' हे वाक्य अस्सल आपल्याकडचं.

आणि या वाटण्या कुठल्याही भाषेत तर्काने झालेल्या नसतात. इंग्रजीत 'व्हीट' एकवचनी, 'ओट्स' अनेकवचनी, दोन्ही धान्यंच. कारण विचारू नये. मराठीत गहू महाग झाले, ज्वारी महाग झाली. दाणे दोन्हीकडे मोजण्याइतकेच मोठे. इंग्रजीतला वाटाणा तर अज्ञानातून जन्मला. पूर्वी 'पीज' हा एकवचनी समूहवाचक शब्द होता. शेवटचा ध्वनी ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं, आणि सतराव्या शतकात त्यांनी त्यातून एकटा 'पी' सोलून काढला. 'न्यूज'मधून 'न्यू' काढणाऱ्या स्पॅनिश विद्यार्थ्याने याहून वेगळं काहीच केलेलं नाही. फरक एवढाच की वाटाण्याची चूक अख्ख्या इंग्लंडने मिळून केली, तेव्हा ती शब्दकोशात गेली. याची चूक एकट्याची, म्हणून ती लाल शाईत गेली.

उरतं ते 'लेस' आणि 'फ्यूअर'. इथे नियम म्हणतो, पाणी 'लेस', माणसं 'फ्यूअर'. पण इंग्रज स्वतः हा नियम कितीसा पाळतात? मोजता येणाऱ्या गोष्टींना 'लेस' लावण्याची चाल राजा आल्फ्रेडच्या काळापासून, म्हणजे नवव्या शतकापासून आहे. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने, मला तिथे 'फ्यूअर' जास्त बरं वाटतं, असं मत दिलं. एका माणसाची ही आवड पुढच्या मास्तरांनी कायदा करून टाकली. सुपरमार्केटच्या जलद काउंटरवर मात्र '१० आयटम्स ऑर लेस' हीच पाटी लटकत राहिली आणि व्याकरणप्रेमी ती बघून वर्षानुवर्षं दात-ओठ खात राहिले. अखेर २००८ मध्ये टेस्को या सुपरमार्केट-साखळीने पाटी बदलली. सोप्या इंग्रजीचा प्रचार करणाऱ्या संस्थेच्या सल्ल्यावरून 'लेस' काढलं आणि 'फ्यूअर'ही घातलं नाही. 'अप टू १० आयटम्स' असं लिहून दोन्ही पक्षांना कटवलं. स्पॅनिशमध्ये कमीसाठी 'मेनोस' हा एकच शब्द, पाण्यालाही तोच आणि माणसांनाही तोच, त्यामुळे तिथल्या दुकानदारांवर अशी वेळ येत नाही. वर्गात 'लेस पीपल' म्हणून गुण गमावलेल्या हिशेबनिसाला शिक्षकांनी निदान हे सांगायला हरकत नाही, की या एका चुकीत निम्मं इंग्लंड त्याच्या बाजूने आहे.